आंबा बागेसाठी ३२ सीसीची चेनसॉ : ‘स्टिल एमएस १८०’ पाच पावसाळ्यांनंतर

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि त्या दिवशी दुपार सरेपर्यंत आमच्या दापोली तालुक्यातही केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या पट्ट्यातील वाड्यांमध्ये पाऊल टाकायला जागा उरली नव्हती. पोफळी मधूनच मोडल्या होत्या, माड विहिरींवर आणि घरांवर आडवे झाले होते, आणि आजोबांच्या हातची रायवळ व हापूसची मोठी झाडे मुळांच्या गड्ड्यांसह उलटून एकमेकांवर रचल्यासारखी पडली होती. पंचनामे होऊन झाडांना हात लावण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा घरात दोन कुऱ्हाडी, चार कोयते आणि दोघांनी ओढायची एक जुनी आडवी करवत एवढीच सामग्री होती. चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीची यंत्रकरवत, चालवणाऱ्यांना तालुक्यात इतकी मागणी होती की, आमच्या वाडीचा क्रमांक लागायला सतरा दिवस गेले. बागायतदाराच्या घरी स्वतःची चेनसॉ असलीच पाहिजे, हे त्या सतरा दिवसांत पटले.

घाईमुळे पहिली खरेदी चुकली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे परीक्षण नीट समजणार नाही. ऑनलाइन विक्रीत ५८ सीसीची, २२ इंची बारची (बार म्हणजे जिच्या कडेवरून चेन फिरते ती पट्टी), चिनी बनावटीची पेट्रोल चेनसॉ नामांकित यंत्राच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळत होती. मोठे इंजिन आणि लांब बार म्हणजे जास्त काम, असा माझा सरळ हिशेब होता. यंत्र कापत होते, हे मान्य केले पाहिजे. पहिला महिनाभर तिने पडलेले फणसाचे बुंधेसुद्धा कापले. पण बार आणि चेनसकट तिचे वजन सात किलोच्या घरात जात होते, त्यामुळे फांद्या साफ करताना अर्ध्या तासात मनगटे भरून येत. आणि हात भरून आलेल्या माणसाच्या हातात फिरती चेन असणे हा फार मोठा धोका आहे. नंतर क्लचचा ड्रम गेला. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले, गावातल्या मेकॅनिकला त्या मापाचा ड्रम मिळाला नाही, आणि पावसाळा संपण्याआधीच ते यंत्र माळ्यावर गेले. माझी तक्रार यंत्र स्वस्त असण्याबद्दल नाही. ज्याचा सुटा भाग आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात मिळत नाही, ते यंत्र बागेच्या कामाला घेऊ नये, एवढेच मला त्यातून कळले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिकृत विक्रेत्याकडे प्रत्यक्ष जाऊन ‘स्टिल’ या जर्मन कंपनीची एमएस १८० घेतली. या कंपनीची सुरुवात १९२६ साली विजेवर चालणाऱ्या ४८ किलो वजनाच्या करवतीने झाली होती आणि ती उचलायला दोन माणसे लागत. आज माझ्या हातातील यंत्र बार आणि चेन वगळता सुमारे चार किलोचे आहे. इंजिन साधारण ३२ सीसीचे, दोन अश्वशक्तीच्या आसपास ताकदीचे आणि टू-स्ट्रोक आहे. विक्रेत्याकडे १६ इंची बारही उपलब्ध होता, पण मी जाणीवपूर्वक १४ इंची घेतला. एवढ्या इंजिनाला लांब बार लावला की, तो लाकडात पूर्ण रुतल्यावर चेनचा वेग पडतो, चालवणारा नकळत यंत्रावर जोर देऊ लागतो आणि क्लच तापतो. १४ इंची बार या इंजिनाला व्यवस्थित झेपतो आणि आंब्याच्या छाटणीत आठ-दहा इंचांहून जाड फांदी क्वचितच कापावी लागते.

विक्रेत्याने यंत्र नुसते खोक्यातून काढून दिले नाही, तर दुकानामागच्या मोकळ्या जागेत ओंडक्यावर चालवून दाखवले आणि मग माझ्याकडून तीन वेळा सुरू करून घेतले. चेनचा ब्रेक पुढे ढकललेला ठेवायचा, यंत्र जमिनीवर टेकवायचे, मागच्या मुठीत उजव्या पायाचे टोक घालायचे, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरायची आणि मग दोरी ओढायची, ही पद्धत त्या दिवशी अंगवळणी पडली. थंड इंजिनासाठी एकच खटका सर्वांत खाली चोकवर न्यायचा, इंजिनाने पहिला ठसका दिला की एक पायरी वर आणायचा आणि पुन्हा ओढायचे. ठसक्यानंतरही चोकवरच ओढत राहिले तर प्लग पेट्रोलने भिजतो, आणि ‘मशिन चालूच होत नाही’ या तक्रारीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. हे प्रात्यक्षिक न देणाऱ्या दुकानातून चेनसॉ घेऊ नये, असे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

आता कामाबद्दल. आंब्याचे लाकूड फार कठीण नसते. सात-आठ इंची फांदी हे यंत्र न अडखळता, मुळीच जोर न देता कापते. जोर न देता हे महत्त्वाचे आहे, कारण धारदार चेन स्वतःच लाकडात ओढली जाते आणि हाताने फक्त दिशा द्यायची असते. ऐनाचे लाकूड किंवा सुकलेला फणस मात्र वेळ घेतो. दीड फुटाच्या पुढचा बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो, पण त्यासाठी हे यंत्र नाही. रोज मोठे बुंधे कापणाऱ्याने ५० सीसीच्या पुढचे यंत्र घ्यावे. माड आणि पोफळीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्यांचा बुंधा बाहेरून कठीण आणि आतून तंतुमय असतो, आणि ते तंतू चेनच्या चाकाभोवती गुंडाळले जाऊन झाकणाखाली घट्ट बसतात. एक माड कापला की इंजिन बंद करून बाजूचे झाकण काढायचे, कुंचल्याने आतला भाग साफ करायचा आणि मगच पुढच्या माडाकडे वळायचे, असा नियम मी ठेवला आहे. हे झाकण एकाच नटावर बसते आणि चेन ताणायचा स्क्रू बाजूलाच आहे, त्यामुळे या साफसफाईला चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. बागेत उन्हात उभे राहून हे काम करणाऱ्याला या साध्या रचनेचे मोल लगेच कळते.

माझ्या मते चेनसॉचे खरे परीक्षण तिच्या चेनचे परीक्षण असते. आज बहुतेक चेनसॉवर जी चेन असते, तिच्या दातांची कल्पना अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जो कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ साली सुचली. झाडाच्या ओंडक्यात एका भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना त्याने पाहिली. तिचे जबडे आलटून पालटून डावीकडे आणि उजवीकडे कापत होते, आणि त्याच धर्तीवर त्याने एक डावा, एक उजवा असे वळलेले दात असलेली चेन तयार केली. ती अळी लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळातील होती. आपल्या आंब्याच्या खोडात शिरून झाड पोखरणारे भिरूड त्याच कुळातले आहे. भिरूड लागलेली फांदी कापताना भोकातून बाहेर पडणारा भुसा आणि चेनखालून उडणारा भुसा शेजारी शेजारी पडलेला दिसतो, तेव्हा मला या नात्याचे दर वेळी नवल वाटते.

चेनला धार आहे की नाही, हे भुशावरूनच ओळखावे. चांगली चेन लाकडाचे लहान-लहान चपटे तुकडे उडवते. पिठासारखी बारीक धूळ येऊ लागली की धार गेली. एमएस १८० वर जी लहान मापाची चेन येते, तिला ४ मिलिमीटर व्यासाची गोल कानस लागते. माळ्यावर गेलेल्या त्या ५८ सीसीच्या यंत्राची कानस ४.८ मिलिमीटरची होती, आणि ती या चेनवर चालवली तर दाताचा आकारच बिघडतो. बाजारात ‘चेनसॉची कानस’ म्हणून मागितली की समोर येईल ती दिली जाते, म्हणून माप विचारूनच घ्यावी. कानस दाताच्या आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला, ३० अंशांच्या कोनात, फक्त पुढे ढकलताना दाब देत चालवायची असते. मागे आणताना उचलून घ्यायची. प्रत्येक दाताला सारखेच घासे द्यायचे, आधी एका बाजूचे सगळे दात आणि मग यंत्र फिरवून दुसऱ्या बाजूचे. उजव्या हाताच्या माणसाकडून एका बाजूच्या दातांना नकळत जास्त घासे बसतात, ते दात आखूड होतात आणि मग काप सरळ न जाता एका अंगाला वळू लागतो. काप वाकडा जातो म्हणून अनेक जण बार बदलतात, पण दोष बहुतेक वेळा कानशीत असतो.

प्रत्येक दातापुढे एक लहान उंचवटा असतो, ज्याला डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल शिरेल हे तो ठरवतो. दात घासून घासून खाली येतो तसा हा उंचवटाही चपट्या कानशीने खाली आणावा लागतो. या चेनसाठी त्याचे अंतर ०.६५ मिलिमीटर ठेवायचे असते आणि त्याची पट्टी दुकानात मिळते. हा उंचवटा अंदाजाने जास्त घासला तर चेन लाकडाचा मोठा घास घेऊ लागते, यंत्र हिसके देते आणि उसळी मारण्याचा धोका वाढतो. मी दर चार-पाच वेळा धार लावल्यानंतर पट्टी लावून पाहतो. जांभा दगड, माती आणि खिळे हे धारेचे तीन शत्रू आहेत. आमच्या भागात गडग्यालगतच्या झाडांना जुन्या काळी तारेच्या कुंपणाचे खिळे ठोकलेले असतात आणि झाड वाढत गेले की ते सालीखाली दिसेनासे होतात. अशा झाडाचा काप मी नेहमी जमिनीपासून चार फुटांच्या वर घेतो. किनाऱ्यालगतच्या वाडीत सालीच्या भेगांत वाळू साचलेली असते, तेव्हा कापायच्या जागेची साल आधी कोयत्याने तासून घेतलेली बरी. ओंडका जमिनीवर पडलेला असेल तर तो पूर्ण आरपार कापू नये. दोन-तृतीयांश कापून ओंडका उलटावा आणि उरलेला भाग वरून कापावा. चेन एक क्षणभर जांभ्याला लागली तरी पुढचा पाऊण तास कानशीत जातो.

इंधनाबद्दल मी सर्वांत जास्त शिकलो, आणि तेही स्वतःच्या चुकीने. या यंत्राला चांगल्या प्रतीचे टू-टी ऑइल वापरल्यास ५० भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर, असे मिश्रण लागते. ‘थोडे जास्त ऑइल घातले तर इंजिन जास्त टिकते’ हा समज चुकीचा आहे. जास्त ऑइलने धूर वाढतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते. कमी ऑइल मात्र त्याहून घातक, कारण टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण मिळण्याचा दुसरा मार्गच नसतो. मिश्रण मी मोजपात्राने वेगळ्या डब्यात करतो आणि टाकीत ओतण्याआधी डबा हलवून घेतो.

पहिल्या वर्षी जूनमध्ये टाकी अर्धी भरलेली असतानाच यंत्र खोलीत ठेवले आणि ऑक्टोबरला दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी ते सुरू झाले नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तेव्हा आतला पातळ पडदा कडक झालेला होता आणि जाळीवर चिकट थर बसला होता. चार महिने पडून राहिलेल्या पेट्रोलने हे केले होते. पेट्रोलमधील इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि कोकणातील पावसाळ्यात हवेत ओलीखेरीज दुसरे असते तरी काय! ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधनाची नळी नेमकी तिथूनच ओढते. त्या तळाच्या थरात ऑइल जवळजवळ नसते, हे लक्षात घेतले म्हणजे धोका कळतो. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण आजच्यापेक्षा बरेच कमी होते. आता तर देशभर बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, आणि लहान टू-स्ट्रोक यंत्रांच्या अनेक माहितीपुस्तिका १० टक्क्यांची मर्यादा सांगतात. यावर मी दोन गोष्टी करतो. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढेच, एक-दोन लिटर करतो. आणि चार-पाच दिवसांहून जास्त काम थांबणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत संथ गतीवर चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये थेंब राहत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक ऑक्टोबरात यंत्र चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू झाले आहे.

बारच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिच्यात गॅरेजमधले जळके ऑइल घालण्याची पद्धत आमच्याकडे सर्रास आहे. ते फुकट मिळते हे खरे, पण त्यात इंजिनाच्या झिजेचे बारीक धातुकण असतात, ते तेलाचा पंप आणि बारची खाच दोन्ही खातात, आणि फिरत्या चेनवरून उडालेले ते तेल आपल्या अंगावर, झाडाच्या ताज्या जखमेवर आणि मातीत जाते. आपण ज्या झाडाची फळे खाणार त्याच्यावर असले तेल उडवू नये, असे मला मनापासून वाटते. मी चेनसाठीचे चिकट तेल विकत आणतो. इंधनाची एक टाकी संपते तोवर तेलाचीही जवळजवळ एक टाकी संपली पाहिजे. तेल भरलेलेच राहिले तर बारवरील तेलाचे छिद्र भुशाने बुजले आहे असे समजावे. चेन बदलताना बार उलटा करून लावला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात. ठेवलेल्या यंत्राखाली तेलाचा डाग पडला तर घाबरू नये, सगळ्याच चेनसॉमधून थोडे तेल पाझरते. काम संपल्यावर चेन किंचित सैल करून ठेवावी, कारण तापलेली असताना ताणलेली चेन थंड होताना आखडते आणि तिचा ताण थेट इंजिनाच्या दांड्यावर येतो.

छाटणीच्या कामात या यंत्राने माझ्या बागेचे रूप बदलले. दाट वाढलेल्या जुन्या कलमांच्या मधल्या उभ्या फांद्या काढून आत ऊन पोहोचवणे आणि उंची कमी करणे, ही कामे कुऱ्हाडीने केली की फांदीबरोबर खालची साल हातभर सोलून निघत असे आणि त्या जखमेतून भिरूड शिरत असे. आता फांदी तीन कापांत उतरवतो. बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक-चतुर्थांश काप, त्याच्या थोडे पुढे वरून दुसरा काप, म्हणजे फांदीचे वजन साल न ओढता खाली जाते. आणि मग उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या अगदी बाहेरून कापायचा. तो फुगवटा कापला तर जखम लवकर भरत नाही आणि खुंट लांब ठेवला तर तो कुजतो. कापाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने त्यावर बोर्डो पेस्ट नीट बसते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण बागायतदारांना ठाऊक आहेच.

बांडगूळ काढायला मात्र ही चेनसॉ वापरू नये. बांडगूळ सहसा वरच्या, पोहोचायला अवघड फांद्यांवर असते आणि मागे मूठ असलेले हे यंत्र झाडावर चढून चालवण्यासाठी बनवलेलेच नाही. झाडावरच्या कामासाठी वर मूठ असलेली वेगळी यंत्रे असतात, आणि तीही दोर-पट्ट्यांसह काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी. आमच्याकडे गडी चेनसॉ कंबरेला बांधून वर चढतात आणि एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने कापतात. मी माझ्या वाडीत हे पूर्ण बंद केले आहे. खांद्याच्या वर चेनसॉ उचलायची नाही, शिडीवर चालवायची नाही आणि एका हाताने कधीच धरायची नाही. उंचावर चांगल्या प्रतीची, ओढताना कापणारी वक्र हातकरवत किंवा जमिनीवरून चालवायची लांब दांड्याची करवत पुरते. बारच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला टेकला की यंत्र डोळ्याचे पाते लवण्याच्या आत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. पुढच्या मुठीसमोरचा ढालीसारखा ब्रेक त्यासाठीच असतो, पण शिडीवर तोल गेलेल्या माणसाला तो किती वाचवणार?

वादळात पडलेली झाडे कापणे हे छाटणीपेक्षा वेगळे काम आहे, आणि तिथे यंत्रापेक्षा लाकूड वाचता येणे महत्त्वाचे ठरते. दोन टेकूंवर आडव्या पडलेल्या खोडाची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. आधी दाबाच्या बाजूने एक-तृतीयांश कापून मग ताणाच्या बाजूने काप मिळवला तर बार अडकत नाही. उलटा क्रम केला तर खोड बारला चिमट्यात धरते, आणि मग ते सोडवायला पाचर ठोकावी लागते. ही पाचर प्लॅस्टिकची किंवा लाकडाची असावी. लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात उडतात. वाकून ताणलेल्या कोवळ्या झाडाच्या मधोमध एकदम काप घेतला तर ते चाबकासारखे परतते. सर्वांत फसवे असते ते मुळांच्या गड्ड्यासह उलटलेले झाड. खोड कापून त्याचे वजन सुटले की गड्डा आपल्या खड्ड्यात धाडकन परत बसू शकतो, त्यामुळे त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणालाही, विशेषतः पाहायला जमलेल्या मुलांना, उभे राहू देऊ नये. अशा वेळी बुंध्याचा लांब तुकडा गड्ड्याला तसाच ठेवतो आणि गड्डा चेनपुलीने दुसऱ्या भक्कम झाडाला बांधून घेतो. ट्रॅक्टरने झाड ओढायचे असेल तर दोर झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी थांबायचे नाही. या पद्धतीने मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेल्यावर आमच्या वाडीतील पडझड आम्ही नऊ दिवसांत, कोणालाही खरचटू न देता उचलली. उभे झाड तोडण्याचा विषय निराळा आहे. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेव्हा आधी परवानगी घ्यावी, आणि पडलेल्या झाडाचीही कापण्याआधी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी अडत नाही.

यंत्राच्या किमतीत संरक्षक साहित्य धरलेले नसते, आणि इथेच लोक पैसे वाचवतात. चेनसॉ चालवणाऱ्यासाठी मिळणाऱ्या पायघोळ आवरणाच्या आत लांब, बळकट धाग्यांचे थर असतात; चेन कापडाला लागली की ते धागे बाहेर ओढले जाऊन चेनच्या चाकात गुंततात आणि चेन थांबते. माडाच्या तंतूंनी जे नकोसे काम यंत्रात केले, तेच काम हे धागे मांडीला वाचवण्यासाठी करतात. पहिल्या श्रेणीच्या आवरणाची चाचणी सेकंदाला २० मीटर चेनवेगाला घेतलेली असते. एप्रिलच्या उकाड्यात ते घालणे जाचक आहे, यात शंका नाही, म्हणून मी काम सकाळी सात ते दहा एवढेच ठेवतो. कानाशी आवाज १०० डेसिबलच्या आसपास पोहोचतो, तेव्हा कानावर मफ आणि डोळ्यांपुढे जाळी हवीच. चप्पल आणि लुंगीवर चेनसॉ चालवणारे कुशल कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांतील एकाच्या पिंढरीवरील व्रणही पाहिला आहे.

सुट्या भागांचा अनुभव चांगला आहे. एअर फिल्टर, प्लग, चेन, चाक आणि कार्बोरेटरचे पडदे जिल्ह्यात मिळाले. एकदाच एका दुकानाने चेन दुसऱ्याच मापाची दिली, कारण मी बारची लांबी सांगितली होती आणि चेनच्या कड्यांची संख्या सांगितली नव्हती. माझ्या १४ इंची बारला ५० चालक कड्यांची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची, चेन लागते. हा आकडा बारवरच कोरलेला असतो, त्याचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवावे. वर्षाला दहा-बारा दिवसच काम असणाऱ्या आणि तीन-चार इंचांपर्यंतच्याच फांद्या कापणाऱ्या बागायतदाराला मी पेट्रोलचे यंत्र घ्यायला सांगणार नाही. बॅटरीवर चालणारी लहान छाटणी-करवत त्याला पुरेल. तिच्यात कार्बोरेटर नाही, इथेनॉलची चिंता नाही आणि काजूच्या फांद्या विरळ करायला तिच्याइतके सोपे साधन मी पाहिलेले नाही. पण पन्नासच्या पुढे जुनी कलमे, दर पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या उतरवण्याचे काम आणि दोन-चार वर्षांनी येणारे एखादे वादळ, असा ज्याचा संसार आहे, त्याच्यासाठी ३२ सीसी आणि १४ इंच हे माप मला अगदी योग्य वाटते.

सध्या माझ्या यंत्रावर चौथी चेन आणि दुसरा बार आहे, इंजिन अजून एकदाही उघडावे लागलेले नाही, आणि येत्या हंगामासाठी एका फळीवर दोन कानशी, डेप्थ गेजची पट्टी, एक जादा प्लग आणि धार लावून तेलात बुडवलेली एक चेन काढून ठेवली आहे.